गंधर्वांचा ताळेबंद

घरातील नातवंडे कानाला इअरफोन लावून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची इंग्रजी गाणी ऐकताना दिसली, की आजी-आजोबांना नवल वाटते. लिव्हरपूलच्या चार तरुणांचा ‘बीटल्स’ हा रॉक गट 1970 साली फुटला. त्यांतील दोघे आज हयात नाहीत. तरीही 2023 च्या नोव्हेंबरात, जुन्या ध्वनिमुद्रणातील आवाज नव्या तंत्राने स्वच्छ करून त्यांचे एक गीत पूर्ण करण्यात आले आणि ज्यांचा जन्मच गट फुटल्यानंतर झाला अशा असंख्य तरुणांनी ते कौतुकाने ऐकले. गट संपला, करार संपले, हिशेब मिटले. मग मागे उरले ते नेमके काय? हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा वाटला, तरी त्याचे उत्तर कृष्णाकाठच्या माणसाला शोधायला फार दूर जावे लागत नाही. त्याच्या पणजोबांच्या काळी असाच एक ‘गट’ होता. त्याला तेव्हा ‘कंपनी’ म्हणत, आणि तिचे नाव होते गंधर्व नाटक मंडळी.

सातारा आणि सांगली ही आज दोन जिल्ह्यांची नावे असली, तरी त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने जो जिल्हा वेगळा झाला, तोच 1960 पासून ‘सांगली’ म्हणून ओळखला जाऊ लागला. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई आणि कऱ्हाडवरून खाली येते, ती वाटेत जणू सूर गोळा करीतच सांगलीला पोहोचते. याच सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. सांगलीनजीकच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, प्रत्यक्ष सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि पलूस तालुक्यातील नागठाण्याच्या राजहंस घराण्यातील नारायण श्रीपाद ऊर्फ बालगंधर्व ही नावे एका नकाशावर मांडली, तर काही कोसांच्या परिघात मराठी संगीत नाटकाचे केवढे ऐश्वर्य नांदत होते, याची कल्पना येते.

नारायणरावांचा जन्म 1888 सालचा. बालवयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. 1905 साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि मिरजेच्या रंगमंचावर शकुंतलेच्या वेषात प्रथम उभे राहिले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. तरीही या शकुंतलेला पाहणाऱ्यांना वेषांतराचा विसर पडला. गोड गळ्याचे नट मराठी रंगभूमीला नवे नव्हते. परंतु बोलण्यातून गाण्यात आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यात इतक्या सहजतेने जाणारा नट विरळा होता. शब्द तुटत नसे, सूर ढळत नसे आणि पात्राची भावना क्षणभरही बाजूला पडत नसे.

1911 साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या होत्या. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच नारायणरावांची लहानगी कन्या निवर्तली. प्रेक्षक जमले आहेत, त्यांचा विरस होता कामा नये, असे म्हणून हा पिता त्या रात्री भामिनी होऊन उभा राहिला. ही कथा अनेकदा निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते खरेही आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या दिवसापासून हा कलावंत आपल्या घराचा कमी आणि प्रेक्षकांचा अधिक झाला. प्रेक्षकांनीही तो हक्क पुढे कधी सोडला नाही.

5 जुलै 1913 रोजी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. एक गायक-नट, एक कसलेला गद्य नट आणि एक हार्मोनियमवादक अशी ही भागीदारी होती. तिच्या यशाचे श्रेय एका नावावर लिहिणे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. ‘स्वयंवर’ 1916 साली आले, तेव्हा पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनी. मैफलीत घरंदाज ख्याल गाणाऱ्या या बुवांनी रागदारीतील बंदिशी नाटकाच्या पदांत अशा उतरविल्या, की भीमपलास म्हणजे काय, बागेश्री म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, असा शेतकरी आणि दुकानदारही त्या रागांचे चलन गुणगुणू लागला. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ पदांसह रंगमंचावर आणण्याचा मानही 1916 मध्ये याच मंडळीला मिळाला. गडकऱ्यांच्या निधनानंतर 1919 मध्ये ‘एकच प्याला’ आले आणि भरजरी शालूत वावरणारी भामिनी फाटक्या लुगड्यातील सिंधू झाली. वैभव आणि दैन्य या दोन्हींना एकच गळा पुरून उरला.

साथीदारांची नावे घेतल्याशिवाय हे वर्णन पुरे होत नाही. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ अशा तोलाच्या कलावंतांनी या कंपनीत साथ केली. पुढे भारतभर ज्यांच्यापुढे माना लवल्या, ते थिरकवाँसाहेब नाटकाच्या पदाला ठेका धरीत होते, हे आज खरेही वाटणार नाही. परंतु कंपनीचे मोठेपण त्यातच होते. मैफलीचा खर्च राजेरजवाडे आणि धनिक करू शकत. नाटकाचे तिकीट सामान्य माणूस काढू शके. त्या एका तिकिटात त्याला नाट्य, काव्य आणि उत्तम दर्जाचे शास्त्रीय संगीत एकत्र मिळे. जे संगीत शिकायला गुरुगृही वर्षे घालवावी लागत, ते निदान ऐकायला तरी आता कुणाची शिफारस लागत नव्हती.

रसिकांच्या वेडाच्या कथा घरोघरी सांगितल्या गेल्या आहेत. रात्री सुरू झालेला प्रयोग ‘वन्स मोअर’च्या गजरात पहाटेपर्यंत लांबत असे. रंगमंचावर नारायणराव ज्या पद्धतीने नऊवारी नेसत, केसांत गजरा माळत, पदर सावरत, त्याचे अनुकरण प्रत्यक्ष कुलीन स्त्रिया करू लागल्या. पुरुषाने स्त्रीची भूमिका करावी आणि स्त्रियांनी आपला साजशृंगार त्याच्याकडे पाहून ठरवावा, हा चमत्कार जगाच्या रंगभूमीवरही फारसा घडलेला नसेल. ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा ज्या गावी कंपनीचा मुक्काम कधी पडला नाही, तेथेही हा आवाज पोहोचला. ज्याच्या घरी फोनो असे, त्याच्या ओसरीवर संध्याकाळी आळी जमा होई.

आता हिशेबाच्या वहीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. रंगमंचावर खोटे काही चालणार नाही, हा नारायणरावांचा आग्रह होता. शालू खरे, अत्तर खरे, गालिचे खरे. 1920 च्या ‘द्रौपदी’ नाटकासाठी तर मयसभेचा थाट उभा करण्यात आला. जमा मोठी होती, पण खर्च तिच्याहून मोठा होता. भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि 1921 च्या सुमारास कंपनीवरील कर्जाचा डोंगर उघडा पडला. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ही कंपनी तेव्हाच बुडायला हवी होती. मालमत्ता म्हणजे पडदे, कपडे आणि वाद्ये. त्यांचा लिलाव करून कर्जाचा किती भाग फिटला असता?

परंतु कोणत्याही ताळेबंदात न दिसणारी एक मालमत्ता तेथे होती, आणि ती म्हणजे पत. पत म्हणजे केवळ परतफेडीची ऐपत नव्हे. परतफेड करण्याची नियतही तिच्यात मोडते. बालगंधर्वांनी कर्ज नाकारले नाही आणि देणेकऱ्यांना तोंड चुकविले नाही. गावोगावी प्रयोग करीत, सात-आठ वर्षे राबून त्यांनी ते देणे फेडले. याच काळाच्या आरंभी, 8 जुलै 1921 रोजी मुंबईत त्यांचा आणि ‘ललितकलादर्श’च्या केशवराव भोसल्यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन नायक एकाच नाटकात, तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. स्वतःच्या डोक्यावर कर्ज असताना देशकार्यासाठी विनामोबदला उभे राहणे, हे शहाणपणाच्या रूढ व्याख्येत बसत नाही. तरीही शतकानंतर मराठी माणसाला आठवतो तो तोच प्रयोग. कंपनीच्या नफ्या-तोट्याचे आकडे कुणालाही आठवत नाहीत.

1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. बालगंधर्वांनीही प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये 1935 साली संत एकनाथांची भूमिका केली, परंतु समोर प्रेक्षक नसलेले ते गाणे त्यांना मानवले नाही. त्यांनी पुन्हा नाटकाची वाट धरली. वय वाढले, शरीर थकले, कंपनीचे वैभव ओसरले. पुढे पद्मभूषण आदी सन्मान मिळाले, परंतु अखेरचे दिवस कष्टातच गेले आणि 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

येथे रसिकांनी आपल्या प्रेमाचीही थोडी झडती घ्यायला हवी. ज्या प्रेक्षकाने 1911 ची भामिनी पाहिली, त्याला 1940 मध्येही तीच भामिनी हवी होती. तोच गजरा, तीच हरकत, तोच वन्स मोअर. बालगंधर्वांनी त्याला कधी नाही म्हटले नाही, कारण प्रेक्षकाला ते मायबाप मानीत. परंतु कलावंताला एकाच क्षणात गोठवून ठेवणारे प्रेम त्याला जपत नाही. नव्या संगीत नाटकाची मागणी करणारा, नव्या नटाला पहिली टाळी देणारा प्रेक्षक त्या काळी अधिक असता, तर कदाचित मंडळीचा आणि संगीत नाटकाचाही उत्तरार्ध निराळा झाला असता. परदेशातील रॉक गटांच्या वाट्यालाही हेच येते. चाहते पंचवीस वर्षांपूर्वीचेच गाणे मागत राहतात आणि वृद्ध गायक तेच गात राहतो.

मग उरले काय? याचे उत्तर कंपनीच्या वहीत मिळत नाही. ते इतरांच्या गळ्यात सापडते. मिरजेत जन्मलेले विनायकबुवा पटवर्धन हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांनी सुमारे दशकभर गंधर्व नाटक मंडळीत भूमिका केल्या आणि 1932 साली पुण्यात संगीत विद्यालय काढून शेकडो विद्यार्थ्यांना रागविद्या दिली. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे भास्करबुवांचे शिष्य. त्यांनी 1931 च्या ‘कान्होपात्रा’तील अभंगांना चाली दिल्या आणि पुढे प्रभातच्या चित्रपटांना संगीत देऊन नाट्यपदांचा गोडवा बोलपटात नेला. जयराम आणि जयमाला शिलेदार या दांपत्याने ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था चालवून, पडत्या काळातही संगीत नाटकाचा दिवा विझू दिला नाही; त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार यांनी तो पुढे नेला.

सातारा जिल्ह्याचा वाटा तर विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोरेगाव तालुक्यातील भाडळे गावच्या सौदागर नागनाथ गोरे या मुलाला रसिकांनी ‘छोटा गंधर्व’ म्हटले. हे नाव म्हणजे मोठा आशीर्वाद होता आणि तेवढेच मोठे ओझेही होते. ज्याच्या नावातच दुसऱ्याची सावली आहे, त्याने आयुष्यभर नक्कल करीत राहणे सोपे होते. बालमोहन नाटक मंडळीत बालपणी नावारूपाला आलेल्या या कलावंताने ते केले नाही. पुढे त्यांनी ‘सौभद्र’मधील कृष्ण आणि ‘मानापमान’मधील धैर्यधर अशा पुरुषभूमिका गाजवल्या, पदांच्या मांडणीत स्वतःची लय आणि स्वतःच्या जागा निर्माण केल्या आणि ‘सुवर्णतुला’सारख्या नाटकाला संगीतही दिले. ‘छोटा’ हे विशेषण नावापुरते राहिले; गाणे त्यांचे स्वतःचे झाले.

कुमार गंधर्वांचे उदाहरण याहून बोलके आहे. बालपणी ध्वनिमुद्रिका ऐकून ते मोठमोठ्या गायकांच्या हुबेहूब नकला करीत आणि त्यासाठीच प्रसिद्धीस आले. परंतु प्रौढ वयात त्यांनी जो कार्यक्रम सादर केला, त्याचे नाव ठेवले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. नक्कल करणारा कान वापरतो. उमजून घेणारा बुद्धी आणि हृदयही वापरतो. बालगंधर्व एखादी जागा कोठे घेतात हे पाहून थांबणारा अनुयायी होतो, आणि ती जागा तेथेच का घेतात याचा विचार करणारा वारस होतो. ‘गंधर्व पद्धतीने’ हेल काढून गाणारे अनेक होऊन गेले. त्यांची नावे आज कुणी घेत नाही. ज्यांनी तो ठेवा उमजून घेऊन वेगळा खर्च केला, त्यांच्यामुळे मूळ ठेवाही वाढला. ठेव कपाटात ठेवली तर तिची किंमत घटत जाते आणि योग्य ठिकाणी गुंतवली तर ती वाढते, हा व्यवहारातला नियम कलेलाही लागू पडतो.

2011 साली ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला. त्यातील गायनासाठी पंडित भीमसेन जोशींचे शिष्य आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बालपणीच नाट्यपदे गाऊन ते ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखले जाऊ लागले होते. त्या चित्रपटानंतर ज्यांनी कधी संगीत नाटक पाहिले नव्हते, असे तरुणही ही पदे शोधून ऐकू लागले. शंभर वर्षांपूर्वीचे गाणे नव्या गळ्यातून नव्या कानांपर्यंत गेले. लिव्हरपूलच्या त्या गीताहून ही गोष्ट काही फार निराळी नाही.

आता राहिला श्रोता. संगीतावरच्या लेखांत त्याचे नाव येत नाही. पण कोणत्याही कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक तोच असतो. गंधर्व मंडळीने दोन पिढ्यांना ऐकायला शिकविले. सूर लागला की नाही, सम नेमकी आली की नाही, शब्दाचा अर्थ तानेत हरवला की उजळला, हे सांगली-मिरजेच्या पेठेतील साधा व्यापारीही ओळखू लागला. ज्याला स्वतःला एक ओळ सुरात म्हणता येत नाही, अशा माणसाने उत्तम आणि मध्यम यांतील फरक जाणणे, ही समाजाची मोठी मिळकत असते. कृष्णाकाठच्या गावांत गाण्याच्या मैफलींना आजही जी जाणकार दाद मिळते, तिच्या मुळाशी या नाटकांनी घडविलेला कान आहे.

स्मारकांची उणीव नाही. ज्याचे भूमिपूजन खुद्द नारायणरावांच्या हस्ते झाले होते, ते पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर त्यांच्या निधनानंतर, 26 जून 1968 रोजी खुले झाले. जेथे शकुंतला प्रथम अवतरली, त्या मिरजेत त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. सांगलीत दरवर्षी 5 नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते आणि त्याचे पहिले मानकरी बालगंधर्वच होते. साताऱ्यातही शाहू कलामंदिर उभे आहे. परंतु इमारत उभी असणे आणि तिच्यातील दिवे लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगीत नाटकाच्या प्रयोगाला नाट्यगृहाच्या पुढच्या रांगांत पांढरे केस आणि मागे रिकाम्या खुर्च्या, असे दृश्य अनेकदा दिसते. त्याचा दोष मोबाइलवर ढकलून ज्येष्ठांना सुटता येणार नाही. ज्या घरात वडीलधाऱ्यांनी नातवंडांना प्रयोगाला कधी नेलेच नाही, तेथे वारसा कसा पोहोचावा?

उपाय अवघड नाही. येत्या रंगभूमीदिनी किंवा सुट्टीच्या दिवशी जवळच्या नाट्यगृहात संगीत नाटक असेल, तर दोन तिकिटे अधिक काढावीत आणि नातवंडाला बरोबर न्यावे. ते शक्य नसेल तर घरातच एखादे जुने नाट्यपद दहा मिनिटे, मधे न बोलता, सर्वांनी मिळून ऐकावे. जुना आवाज खरखरतो म्हणून मूल हसले, तर रागावू नये. त्याला विचारावे, की या गायकाने हा शब्द दुसऱ्यांदा निराळा का म्हटला असेल? आणि मग त्याच्या इअरफोनमधील एक टोक आजोबांनी आपल्या कानाला लावावे आणि त्याचे आवडते गाणेही तितक्याच आदराने ऐकावे. ऐकण्याचा संस्कार एकतर्फी होत नाही.

गंधर्व नाटक मंडळीचे पडदे विरले, शालू फाटले, अत्तर उडून गेले. तिच्या खतावणीतील आकडे आज कुणालाही सापडणार नाहीत. पण एखाद्या घरात स्वयंपाक करता करता कुणी भीमपलासातील एखादी ओळ नकळत गुणगुणते आणि शेजारी अभ्यास करणारे मूल क्षणभर मान वर करते, तेव्हा त्या कंपनीच्या खात्यावर आणखी एक रक्कम जमा होते. हे खाते बंद होऊ द्यायचे की चालू ठेवायचे, हे मात्र आता घराघरातील वडीलधाऱ्यांच्या हाती आहे.